न आलेली घंटागाडी

मस्कतला नव्याने आलेल्या मराठी माणसाला ‘वादी कबीर’ हा पत्ता ऐकून क्षणभर हसू येतं. कबीराची वाडी! पण अरबीत ‘वादी’ म्हणजे डोंगरातून उतरणारा, वर्षातले बहुतेक दिवस कोरडा असणारा ओढा, आणि ‘कबीर’ म्हणजे मोठा. संत कबीरांचं नावही याच शब्दाचं. रुवीला लागून असलेल्या या मोठ्या ओढ्याच्या काठी आज गॅरेजं आहेत, गोदामं आहेत, भारतीय शाळा आहे, आणि शुक्रवारच्या बाजारासाठी तर ही वस्ती प्रसिद्धच.

अशा ठिकाणी चहाच्या टपरीवर तिघं बसलेत अशी कल्पना करू. एक इजिप्तचा, नाईलच्या काठच्या खेड्यातला. दुसरा ओमानीच, पण घरात स्वाहिली बोलणारा. त्याचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या झांजीबारला राहिलं आणि १९७० नंतर, सुलतान काबूस यांच्या काळात, परतलं. तिसरा रत्नागिरी जिल्ह्यातला, गुहागर तालुक्यातल्या गिमवीचा. तिघांची भाषा वेगळी, जेवण वेगळं. एक गोष्ट मात्र तिघांना जोडते, आणि ती त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. या तिघांच्या गावच्या पाण्यात, कधी ना कधी, एकाच रोगाची अळी पोहत होती.

त्या रोगाचं नाव बिल्हार्झिया.

हे नाव थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरवरून पडलं. कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करताना १८५१ साली त्याला माणसाच्या रक्तवाहिन्यांत पांढुरके, सेंटीमीटरभर लांबीचे किडे सापडले. इजिप्तमध्ये पुरुषांना लघवीतून रक्त जाणं तेव्हा इतकं नित्याचं होतं की, त्यामागे काही कारण असेल असं फारसं कुणाच्या मनात येत नसे. बिल्हार्झ सदतिसाव्या वर्षीच वारला, पण कोडं सुटायला सुरुवात झाली होती. पुढे १९१० साली मार्क आर्मंड रफर याने सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडात याच किड्याची दगडासारखी झालेली अंडी पाहिली. पिरॅमिडच्या देशात हा पाहुणा नवा नव्हताच.

त्याचं आयुष्य ऐकलं तर एखाद्या पौराणिक कथेतल्या रूपांतरांची आठवण व्हावी. रोग्याच्या लघवीतून अंडं पाण्यात पडतं. पाणी लागताच ते फुटतं आणि आतून केसाळ अंगाचा, डोळ्यांना न दिसणारा जीव पोहत बाहेर येतो. काही तासांत त्याला ठरावीक जातीची गोड्या पाण्यातली गोगलगाय सापडली तर तो जगतो, नाही तर संपतो. गोगलगायीच्या पोटात एकाचे हजारो होतात. काही आठवड्यांनी ते बाहेर पडतात, आता दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या होऊन. कुणी पाण्यात पाय घातला की ही अळी काही मिनिटांत कातडीतून आत शिरते. शेपटी बाहेरच टाकून देते. मग रक्तातून फुप्फुसं, तिथून यकृताकडच्या शिरा, असा प्रवास करत मोठी होते आणि जोडीदार शोधते. नराच्या अंगाला लांबीभर एक पन्हळ असते. मादी त्या पन्हळीत जाऊन राहते ती कायमची. जोडप्याने मुक्काम ठोकायचा तो मूत्राशयाभोवतीच्या बारीक शिरांत. तिथे ते साधारण तीन ते पाच वर्षं, क्वचित त्याहून कितीतरी जास्त, संसार करतं.

इतकी वर्षं आपलं रक्षकदळ गप्प का बसतं? कारण हा किडा आपल्याच रक्तातले रेणू अंगावर चिकटवून फिरतो. पोलिसांचा गणवेश घालून चोराने चौकीतच बिऱ्हाड करावं, तसं.

आता ओमानकडे वळू. मस्कतच्या आसपास हा रोग नाही. पण दक्षिणेला, धोफार प्रांतात, या किड्याचा भाऊबंद सापडला आहे. तो मूत्राशयात राहत नाही, आतड्यांभोवती राहतो. धोफारची राजधानी सलाला. जून ते सप्टेंबर तिथे आपल्याच मोसमी वाऱ्यांची झड लागते, वाळवंटी देशातले डोंगर हिरवे होतात, आणि या ऋतूला तिथले लोक म्हणतात ‘खरीफ’. आपला खरीप तो हाच शब्द. झरे, डबकी, पाटाचं पाणी, गोगलगायी, सगळं जमून येतं.

या किड्याच्या अळ्या इतरत्र दिवसा गोगलगायीतून बाहेर पडतात, भर उन्हात, माणसं पाण्यात असतात तेव्हा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांना धोफारमध्ये वेगळंच दिसलं. तिथल्या अळ्या रात्री बाहेर पडत होत्या. रात्री पाण्याशी कोण येतं? उंदीर. तिथल्या किड्याने माणसाइतकाच काळ्या उंदरालाही यजमान केलं होतं आणि आपलं घड्याळ त्याच्या वेळेला लावलं होतं. त्याआधी कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलुपवरच्या किड्यांवर झालेल्या संकराच्या प्रयोगांनी दाखवलं होतं, की ही वेळ शिकलेली नसते, जनुकांत लिहिलेली असते. म्हणजे माणूस आणि हा रोग यांच्यातल्या हिशेबात केवळ आपलीच जनुकं नाहीत. किड्याची आहेत, गोगलगायीचीही आहेत.

गोगलगायीवरून गिमवीला जाता येतं. वैद्यकाच्या पुस्तकांत भारत या रोगापासून जवळजवळ मुक्त मानला गेला, कारण आफ्रिकेत त्याला आसरा देणारी गोगलगाय आपल्याकडे नाही. तरीही १९५२ साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या गिमवी या एका खेड्यात लघवीतून रक्त जाण्याच्या या रोगाचं केंद्र असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात, धण्याचं पाणी पितात, आणि विषय संपतो. इथे मात्र सूक्ष्मदर्शकाखाली टोकाला काटा असलेली अंडी दिसत होती. पुढच्या शोधात यजमानही सापडला: फेरिसिया टेन्युइस नावाचा, टोपीच्या आकाराचा, पाण्यातल्या दगडांना चिकटून बसणारा नखाएवढाही नसलेला जीव. आफ्रिकेतल्या नेहमीच्या यजमानापेक्षा अगदी निराळा. कोकणातल्या पऱ्या-वहाळांत आयुष्य काढलेल्या माणसाचंही त्याच्याकडे लक्ष जाणार नाही.

हा रोग कोकणात कुठून आला? दाभोळ बंदर तिथून दूर नाही, आणि अरबी समुद्रापलीकडच्या बंदरांशी त्याचा व्यापार शतकानुशतकांचा. जहाजातून माणसं येतात, त्यांच्या शिरांतून अंडी येतात. पण हा तर्कच. खात्रीने एवढंच सांगता येतं की आलेल्या पाहुण्याला वहाळातल्या एका दुर्लक्षित जिवाने दार उघडलं, आणि शेजारच्या शेकडो गावांत ते उघडलं नाही.

आता या गोष्टीतला गंभीर भाग. १९११ साली कैरोमधल्या ए. आर. फर्ग्युसन याने मूत्राशयाच्या कॅन्सरच्या ४० रोग्यांची तपासणी मांडली आणि म्हटलं, हा कॅन्सर आणि बिल्हार्झिया यांचं नातं योगायोगाचं नाही. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या किड्याला अधिकृतपणे पहिल्या गटातल्या कॅन्सरकारकांत बसवलं. तंबाखू, ॲस्बेस्टॉस यांच्या पंक्तीला एक जिवंत प्राणी.

किडा स्वतः कॅन्सर करत नाही. करतात ती अंडी, आणि त्यांच्याशी भांडणारे आपण. मादी रोज शेकडो अंडी घालते. त्यांना शिरेतून मूत्राशयाच्या भिंतीत आणि भिंतीतून लघवीत जायचं असतं. स्वतःहून ती फार सरकू शकत नाहीत. आपलं रक्षकदळ त्यांच्याभोवती गोळा होतं, तिथे सूज येते, आणि त्या सुजेच्या रेट्यातच अंडं पलीकडे ढकललं जातं. ज्या प्राण्यांची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली त्यांच्यात अंडी बाहेर पडणं कमी झालं, असं प्रयोगांत दिसलं आहे. थोडक्यात, आपण शत्रूला हाकलतो म्हणतो, आणि प्रत्यक्षात त्याला वेशीपर्यंत पोचवून येतो. या रोगाच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना दुपारच्या सुमाराला घेतात. अंडी तेव्हाच सर्वाधिक बाहेर पडतात. माणसं पाण्यात उतरण्याचीही तीच वेळ.

सगळी अंडी मात्र सुटत नाहीत. अडकलेली भिंतीतच कॅल्शियमने दगड होतात. वर्षानुवर्षं भिंत जखमी होते, भरते, पुन्हा जखमी होते. मूत्राशयाच्या आतल्या मऊ अस्तराच्या जागी हळूहळू कातडीसारख्या चपट्या पेशी येऊ लागतात. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, ते नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि त्यातून नायट्रोसअमाइन नावाचे कॅन्सरकारक रेणू तयार होतात. सुजेच्या जागी पेशी स्वतःही तिखट, डीएनए पोखरणारे रेणू सोडत असतात. म्हणूनच इजिप्तमधला हा कॅन्सर जगातल्या नेहमीच्या मूत्राशयाच्या कॅन्सरपेक्षा निराळा, चपट्या पेशींचा असे, आणि तो तुलनेने तरुण वयात, शेतकरी पुरुषांत दिसे.

आणि तरीही. एकाच कालव्यात पोहलेल्या हजार मुलांपैकी बहुतेकांना कॅन्सर होत नाही. कुणाला होतो आणि कुणाला नाही, हे कोण ठरवतं?

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न तीन जागी विचारला. पहिली जागा: किडे किती? १९९६ साली फ्रेंच संशोधक आलँ देसँ यांच्या गटाने ब्राझीलमधल्या एका गावातल्या कुटुंबांचा अभ्यास करून दाखवलं, की पाण्याशी संबंध सारखाच असला तरी काही घरांतल्या माणसांत किड्यांचा भार फार वाढतो, आणि त्याची नाळ पाचव्या गुणसूत्राच्या एका पट्ट्याशी जुळते. ते संशोधन आतड्यांच्या किड्यावरचं, पण पट्टा विलक्षण आहे. शरीराने जंतांशी कसं लढायचं याचे निरोप देणाऱ्या जनुकांचा तिथे अख्खा वाडाच आहे, एकाला लागून एक. निरोप कमी गेले तर किडे माजतात, जास्त गेले तर सूज माजते. दोन्हीकडून मार.

दुसरी जागा मला सर्वांत मोहक वाटते. आपल्या शहरांत सकाळी घंटागाडी येते. आली की कुणाच्या लक्षात राहत नाही. चार दिवस आली नाही की गल्ली ओळखू येत नाही. पेशींतही अशा गाड्या आहेत. बाहेरून आलेल्या आणि आत तयार झालेल्या विषारी रेणूंना ग्लुटाथायोन नावाचं वेष्टन गुंडाळायचं आणि लघवीवाटे बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. त्यांतली एक गाडी बनवण्याची कृती ज्या जनुकात आहे त्याचं नाव जीएसटीएम१. आश्चर्य असं की पुष्कळ माणसांत हे जनुक बिघडलेलं नसतं, ते नसतंच. आईकडूनही आलेलं नाही, वडिलांकडूनही नाही. युरोपीय लोकांत असे जवळजवळ निम्मे. भारतीयांत त्याहून कमी, पण तरी कोट्यवधी. ही माणसं आजारी दिसत नाहीत, त्यांना काही जाणवत नाही, आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही की आपल्या गल्लीला ही घंटागाडी कधी आलीच नाही. दुसऱ्या गाड्या काम उरकून घेतात.

दुसरं असंच जनुक एनएटी२. त्याचा शोध क्षयाच्या औषधातून लागला. १९५०च्या दशकात आयसोनियाझिड देऊ लागल्यावर डॉक्टरांना दिसलं, की काही रोगी ते औषध झटपट निकालात काढतात, काही फार संथपणे. मद्रासच्या क्षयरोग केंद्रातही हा भेद बारकाईने अभ्यासला गेला. हेच संथ-शीघ्रपण मूत्राशयासाठी महत्त्वाचं निघालं. १८९५ साली जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन याने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाचे अर्बुद पाहिले होते. १९८२ साली इंग्लंडमध्ये अशाच कामगारांपैकी मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या २३ जणांची तपासणी झाली. त्यांतले २२ संथ गटातले निघाले. पुढे प्रत्येक देशात इतकं स्वच्छ चित्र दिसलं नाही, पण धागा हाती लागला. २००५ साली स्पेनमधल्या मोठ्या अभ्यासाने संथ एनएटी२ आणि गैरहजर जीएसटीएम१ दोन्ही मूत्राशयाच्या कॅन्सरची शक्यता वाढवतात, हे पक्कं केलं. वाढ साधारण दीडपटीच्या घरात.

आता घंटागाडीचं जनुक आणि ती अंडी शेजारी ठेवून पाहा. १९९०च्या दशकात इजिप्तमधल्या संशोधकांनी नेमकं तेच केलं. बिल्हार्झियाच्या देशात मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्यांत जीएसटीएम१ नसलेल्यांचं प्रमाण निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळलं. हे अभ्यास लहान होते, आणि पुढचे सगळे निष्कर्ष एकमेकांशी जुळतात असंही नाही. पण तर्क सरळ आहे. अंडी वर्षानुवर्षं भिंतीत बसून रोज कचरा तयार करतात. ज्याची घंटागाडी येते, त्याच्या गल्लीत तो साचत नाही. ज्याची येत नाही, त्याच्या गल्लीत ढीग होतो.

तिसरी जागा डीएनएची दुरुस्ती. इथे एक गफलत टाळायला हवी. जीएसटीएम१चं नसणं जन्माबरोबर येतं. पण अर्बुदात पेशींवर पहारा करणाऱ्या पी५३ या जनुकात जे बिघाड दिसतात, ते बहुतेक नंतर, त्या भिंतीतच, त्या सुजेतच झालेले असतात. ते आईवडिलांकडून येत नाहीत आणि मुलांना जात नाहीत. गल्लीत ढीग साचला तो आधी, पहारेकऱ्याचा खून झाला तो नंतर.

म्हणून ‘जनुकीय प्रवृत्ती’ हा शब्द ऐकून पत्रिकेतला मंगळ आठवत असेल, तर थांबायला हवं. पत्रिका माणसाबद्दल सांगते. जीएसटीएम१ माणसाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ते सांगतं माणूस आणि पाणी यांच्याबद्दल. कालव्याकाठी त्याचा अर्थ एक, सिगारेट ओढणाऱ्याच्या मूत्राशयात दुसरा, आणि जिथे कचराच होत नाही तिथे त्याला काही अर्थच नाही.

याचा पुरावा इजिप्तनेच दिला. १९७०च्या दशकात प्राझिक्वान्टेल नावाचं औषध तयार झालं, ते तोंडावाटे घेता येत होतं. त्याआधी अँटिमनीची इंजेक्शनं दिली जात, आणि त्या मोहिमांत पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांतून कावीळ-सीचा प्रचंड प्रसार झाला, ही त्या देशाची मोठी शोकांतिका. पण नव्या गोळ्यांनी बिल्हार्झिया ओसरू लागला, आणि त्यामागोमाग कॅन्सरचा चेहराही बदलला. चपट्या पेशींचा, अंड्यांशी जोडलेला कॅन्सर कमी झाला. आता दिसतो तो मुख्यतः जगातल्या इतर ठिकाणांसारखा, तंबाखूच्या वाटेने येणारा. एवढ्या थोड्या वर्षांत इजिप्तच्या माणसांची जनुकं बदलली नाहीत. बदललं ते पाणी.

वादी कबीरच्या टपरीवर चहा संपत आलाय. तिघांपैकी कुणाची घंटागाडी येत नाही, हे त्यांना ठाऊक नाही, आणि सध्या ठाऊक असण्याची फारशी गरजही नाही. इजिप्तच्या माणसाने सिगारेट विझवली तर त्याच्या मूत्राशयाचं जितकं भलं होईल, तितकं कुठल्याही जनुकचाचणीने होणार नाही. तिघांनाही लागू पडेल अशी गोष्ट एकच: न दुखता लघवी लाल झाली, तर ती उन्हाळी समजून सोडून द्यायची नाही, डॉक्टरकडे जायचं.

गिमवीकराचा मुलगा इथेच, मस्कतमध्ये वाढतो आहे. उन्हाळ्यात तो क्लोरीनच्या वासाच्या तलावात उडी मारतो, तळाला हात लावून वर येतो. कदाचित आजोबांकडून त्याच्याकडे ते एक रिकामं घर आलेलं असेल, जिथे जनुक असायला हवं होतं. ज्या दगडांना टोपीच्या आकाराच्या गोगलगायी चिकटून बसायच्या ते दगड मात्र समुद्रापलीकडे, वहाळातच राहिले.